थंड होईपर्यंत

१

बातमी आली त्या दिवशी सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. बॉयलरच्या एका पंपाची कुरकुर सुरू होती, कंट्रोल रूममधला एसी गळत होता आणि त्याच्याखाली ठेवलेली बादली काठोकाठ भरत आली होती. शिफ्टची इनचार्ज ती बादली पायाने सरकवत होती, तेवढ्यात मागच्या टेबलावरच्या ऑपरेटरने मोबाइलवर आलेला निरोप मोठ्याने वाचून दाखवला. महिनाअखेरीस वीजकेंद्र बंद. उरलेलं एकुलतं युनिटही उतरवायचं. पुढचा भार बॅटऱ्या उचलतील.

मग ऑपरेटर म्हणाला, "म्हणजे एसी आता दुरुस्त होत नाही."

सगळे हसले. तीही हसली आणि बादली रिकामी करायला घेऊन गेली.

खिडकीतून बॅटऱ्यांचं आवार दिसायचं. पांढऱ्या कंटेनरच्या रांगा, मधे आखलेले रस्ते, कुठे माणूस नाही, धूर नाही. एखाद्याने मोठमोठे फ्रीज आडवे पाडून ठेवावेत तसं ते दिसे. दिवसा स्वस्तातली वीज पोटात भरून घ्यायची आणि संध्याकाळी गावाला पुरवायची, एवढंच त्यांचं काम. ऑपरेटर त्यांना जावई म्हणायचा. "आले, बसले, खाल्लं आणि आता घरच आपल्या नावावर करून घेणार."

तिची उभी हयात या केंद्रात गेली होती. नवराही इथलाच, टर्बाइनचा फोरमन. गेल्या वर्षी तो गेला. एकुलती लेक दुसऱ्या शहरात, जावई जहाजावर, आणि लेकीला आता नववा लागत होता. संध्याकाळी तिने फोनवर बातमी सांगितली तेव्हा लेक म्हणाली, "मला वाईट वाटायला हवं ना? पण खरं सांगू, बरंच झालं. आता तू माझ्याकडे येशील."

"येणारच होते."

"येणारच होते नको म्हणूस. ये. मी इथे एकटी आहे, आई."

"युनिट उतरवलं आणि मशीन थंड झालं की निघालेच."

"थंड व्हायला किती वेळ लागतो?"

"चार दिवस. फार तर पाच."

२

युनिट उतरवायच्या दिवशी कंट्रोल रूममध्ये जागा नव्हती. निवृत्त झालेलेसुद्धा येऊन उभे होते. सकाळपासून भार थोडा थोडा कमी करत आणला आणि दुपारी शेवटचं बटण तिने दाबलं. ब्रेकर सुटल्याचा आवाज आला. नकळत सगळ्यांच्या माना वर गेल्या, छताच्या ट्यूबलाइटकडे.

ट्यूबलाइट लुकलुकलीसुद्धा नाही. फ्रिक्वेन्सीचा काटा पन्नासवर जसा होता तसाच. बाहेरच्या पांढऱ्या रांगांनी सगळा भार असा उचलला, की कुणाच्या मिक्सरचा सूरही बदलला नसेल. इतकी वर्षं जे गाव आपण खांद्यावर पेलतोय असं वाटत होतं, ते आपल्यावाचून तसूभरही हललं नाही. एक म्हातारा ऑपरेटर डोळे पुसत म्हणाला, "निदान एकदा तरी जायला हवी होती लाइट." आणि कोपऱ्यात बॅटरीवाली उभी होती, तिकडच्या आवाराची तरुण इंजिनियर, तिला काय चेहरा करावा ते कळेना.

गरम टर्बाइन मात्र एकदम थांबवून चालत नाही. आतला दांडा कित्येक टनांचा. तापलेला असताना तो एका जागी पडून राहिला तर आपल्याच वजनाने वाकतो. म्हणून आग विझली, वाफ संपली, तरी एक छोटी मोटर त्याला सावकाश फिरवत ठेवते. तिला बॅरिंग गिअर म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलत राहावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. तसंच हे. आणि जोवर धातू पुरता निवत नाही तोवर कुणीतरी उशाशी बसायचं असतं, कारण मोटर बंद पडली तर दांडा हाताने फिरवावा लागतो.

वर्षभर युनिट राखीव ठेवा, असा वरून हुकूम होता. बॅटऱ्यांनी दगा दिला तर हाताशी काहीतरी हवं. तेव्हा दांडा वाकू देऊन भागणार नव्हतं. दिवसा ती बसायची आणि रात्री फिटरमामा, असं ठरलं. फिटरमामा नवऱ्याचा जुना जोडीदार, इतरांसमोर तिला मॅडम म्हणायचा आणि एरवी वहिनी.

"तुम्ही दिवसा आणि मी रात्री," तो म्हणाला. "अगदी दादांबरोबर तुमचा संसार चालायचा तसंच झालं हे. भेट फक्त जिन्यात."

"तुमच्याशी संसार करायला मला वेड नाही लागलेलं."

"आमच्या हिचंही तेच म्हणणं आहे," फिटरमामा म्हणाला आणि डबा उचलून घरी गेला.

३

टर्बाइनचा हॉल एखाद्या मोठ्या स्टेशनाएवढा लांब. दोन्ही अंगांना उंच काचा, त्यातून दिवसभर ऊन सरकत जायचं. मधोमध टर्बाइन, अंगावर जाड लोकरीसारखं वेष्टण आणि त्यावर पत्रा. कामगार त्या वेष्टणाला पांघरूण म्हणत. तिने टेबलखुर्ची शेजारीच मांडून घेतली होती. समोरच्या पडद्यावर धातूचं तापमान दाखवणारी रेघ होती, आणि कानाला बॅरिंग गिअरची एकसुरी घरघर. स्वेटर विणायला आणलं होतं, लहानसं, पिवळं.

पहिले तीन दिवस रेघ शहाण्यासारखी उतरत आली. चौथ्या दिवशी दुपारी ती आडवी झाली.

तिने आधी लक्ष दिलं नाही. उतार शेवटी मंदावतोच. पण संध्याकाळपर्यंत रेघ जागची हलली नाही आणि दुसऱ्या दिवशीही तशीच. थांबली ती अशा जागी, की अजून थोडं उतरलं असतं तर मोटर बंद करून घरी जाता आलं असतं.

"तापमापक गेला असेल," फिटरमामा म्हणाला. त्याने पांघरुणाचा एक पत्रा काढला, लोकर बाजूला केली आणि आतली तार बदलली. नव्या तारेनेही तेच सांगितलं. त्याने तिसरी लावली, तीही तेच म्हणाली.

"तिन्ही एकदम खोटं बोलणार नाहीत," ती म्हणाली.

"मग वाफ कुठून तरी गळतीये."

"कुठली वाफ? बॉयलर केव्हाच गार पडलाय. तुम्हीच तर परवा आत शिरून झाडून आलात."

फिटरमामाने डोकं खाजवलं. "म्हणजे आग नाही, वाफ नाही, आणि अंग गरम."

तो ते सहज म्हणाला होता. पण काढलेला पत्रा त्याने पुन्हा बसवला नाही. उद्या परत बघावं लागेल म्हणून तिथेच कडेला टेकवून ठेवला.

तो गेल्यावर तिने हातमोजा काढला आणि पांघरुणावर तळवा टेकवला. पत्रा भाजेल इतका तापलेला नव्हता, तो तसा कधीच तापत नाही. पण यंत्राची ऊब तिला ओळखता येत होती. ती कोरडी असते, सगळीकडे सारखी, तव्यासारखी. ही तशी नव्हती. ही एका जागी जास्त होती, दुसऱ्या जागी कमी, आणि थोडी दमट.

तिने हात मागे घेतला आणि पुन्हा विणायला बसली. टाके मोजता येईनात.

४

नवरा गेला तो दिवस तिने कुणाला सविस्तर सांगितला नव्हता. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

तो रात्रपाळी करून आला, जेवला आणि झोपला. तिला त्या दिवशी सुट्टी होती. शिफ्टच्या घरात दिवसाची झोप कशी सांभाळायची हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. पडदे ओढलेले, फोन मुका केलेला, भांडी एकमेकांवर आपटू द्यायची नाहीत. शेजारच्या बाईने दार वाजवलं तेव्हा ही ओठांवर बोट ठेवून बाहेर आली. दुपारी आत डोकावली, तर त्याचं पांघरूण सरकलं होतं. तिने ते खांद्यापर्यंत ओढून नीट खोचलं. मग पुन्हा चवड्यांवर चालत बाहेर.

संध्याकाळी उठवायला गेली. खांद्याला हात लावला. ऊब होती. म्हणून ती दोनदा, तीनदा हाक मारत राहिली, तीही हळूच, कारण तो दचकून उठला की चिडायचा.

डॉक्टर म्हणाले, सकाळीच, झोपल्या झोपल्या. ती म्हणाली, पण अंग गरम आहे. डॉक्टर म्हणाले, पांघरुणात राहतं तसं.

म्हणजे सबंध दिवस तिने एका मेलेल्या माणसाची झोपमोड होऊ दिली नव्हती. पण ती आत डोकावली त्या दुपारी तो गेलेलाच होता, हे तिच्या मनाने कधी पुरतं घेतलं नाही. हाताला लागलेली ऊब खरी की डॉक्टरांचं म्हणणं खरं, हा हिशेब कुठेतरी तसाच लोंबकळत राहिला होता.

लेकीला ती एवढंच म्हणाली होती, "झोपेतच गेले. त्रास झाला नाही."

५

आठवड्याने वरून नवा हुकूम आला. बॅटऱ्या उत्तम चालल्या आहेत. राखीव ठेवायचं कारण नाही. युनिट भंगारात जाईल. साहेबांनी मुद्दाम फोन केला.

"मॅडम, सोडा आता ते. दांडा वाकला काय नि मोडला काय, भंगार तोलणाऱ्याला सगळं सारखंच."

"सर, मेटल अजून उतरलेलं नाही."

"मग?"

"चालतं मशीन सोडून कसं जायचं?" ती म्हणाली.

साहेब हसले. "तुम्ही जुनी माणसं. बरं, बॅटरीवाल्यांना हॉलची लाइन तोडायची आहे, त्यांचा दिवस ठरला की ते कळवतील. तोपर्यंत बसा हवं तर. पगार देता येणार नाही हं."

कँटीन बंद झालं. कॉलनीतल्या खिडक्यांचे पडदे एकेक करून उतरले. तिच्या इमारतीत आता जिन्यात पाऊल वाजलं तर ते तिचंच असायचं. सामान बांधून तयार होतं. लेकीचा फोन रोज यायचा.

"चार दिवस म्हणाली होतीस."

"हो गं."

"आई, ते मशीन आहे. मी तुझी मुलगी आहे. एवढं तरी आहे ना लक्षात?"

लेकीची तपासणी होती त्या दिवशी ती पहाटेच्या गाडीने गेली. रात्रपाळीचा फिटरमामाच दिवसभर बसायला तयार झाला. दवाखान्यात लेकीने तिचा हात घेऊन आपल्या पोटावर ठेवला. "बघ, लाथा मारतंय." आतून एक टाच किंवा कोपर सरकून गेलं. तिने हात पटकन काढून घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. थंड आहे माझा हात."

"कुठे थंड? भाजतोय." लेक तिच्याकडे बघत राहिली. "बाबा गेले तेव्हा आठवड्यात ड्यूटीवर गेलीस. मी काही बोलले नाही. म्हटलं, ज्याची त्याची तऱ्हा असते. आता ड्यूटी संपली तरी तू तिथेच. तिथे आहे तरी काय, आई?"

"काही नाही," ती म्हणाली. "परवा येते. सामान घेऊनच येते."

संध्याकाळी ती परतली. घरी न जाता थेट हॉलवर आली. फिटरमामा खुर्चीत नव्हता. दाराशी, पायरीवर बसला होता.

"आत का नाही बसलात?"

"वहिनी, आधी पडदा बघा."

तिने पाहिलं. रेघ सकाळपासून सरळ उतरत गेली होती, पहिल्या तीन दिवसांसारखी. अगदी मोटर बंद करता येईल इतकी खाली.

"निवलं की," ती म्हणाली. आपल्या आवाजात आनंद नाही हे तिचं तिलाच ऐकू आलं.

"निवत होतं. आता टोक बघा तिचं."

टोक वर वळलं होतं. नुकतंच, नखाएवढं. ती बघत असतानाच ते आणखी थोडं वर सरकलं.

"तुमची रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हापासून," फिटरमामा म्हणाला. "मी बाहेर बसलो होतो, मला दिसली. आत येऊन बघतो तर हे."

"मी दार उघडलं, वारा आला असेल."

"वाऱ्याने गरम होतं का काही?"

तिने दार लोटून घेतलं.

"रात्री मी असतो ना, तेव्हाही उतरतं थोडं. तुम्ही सकाळी आलात की परत जागेवर. मला वाटलं होतं माझाच घोळ होतोय, म्हणून बोललो नाही." त्याने घसा साफ केला. "दादा माझे मित्र होते, वहिनी. ते असते तर त्यांनी तुम्हाला इथून हाताला धरून बाहेर काढलं असतं. उद्यापासून येऊ नका. मी बसतो. दोन दिवसांत गार होईल, मी कुलूप लावीन आणि विषय संपेल."

म्हणणं बरोबर होतं. इतकं सोपं, की तिला हसू यायला हवं होतं. आपण गेलो की ते थंड होणार. थंड होण्यासाठी आपण काही करायचं नाही, फक्त जायचं.

"बरं," ती म्हणाली.

६

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. घरात बसून राहिली. बांधलेल्या खोक्यांमध्ये एकच खुर्ची मोकळी होती. दुपारपर्यंत तिने मनाशी सगळं तर्काने लावून पाहिलं. तीन तारा एकाच कारखान्यातल्या, तिन्ही सदोष असू शकतात. योगायोग असू शकतो. बाई एकटी राहिली की तिला काहीबाही वाटू शकतं, हे तर फारच असू शकतं. प्रत्येक कारण नीट बसत होतं. मात्र त्या कारणांच्या खाली, तळाशी, एक वेगळीच गोष्ट होती आणि ती भीती नव्हती. ती अशी होती, की तिकडे या क्षणी ते थंड होत चाललं आहे आणि आपण इथे बसून होऊ देतो आहोत.

नवरा गेला त्या दुपारी तिने डोकावून पाहिलं होतं. पांघरूण खोचलं होतं. त्याऐवजी हात लावला असता तर.

चहा गार झाला. ती उठली आणि चपला घातल्या.

फिटरमामाने तिला दारात पाहिलं आणि तो बाजूला झाला. आत रेघ खूप खाली गेलेली होती. बॅरिंग गिअरची घरघर बदलली होती, अडखळत होती, जड काहीतरी ओढल्यासारखी. ती खुर्चीत बसली. काही वेळाने आवाज पुन्हा एकसुरी झाला.

"उद्या दुपारी लाइन तोडणार आहेत," फिटरमामा दारातूनच म्हणाला. "मी गाडी सांगितली आहे. तुम्हाला थेट लेकीकडे सोडेल. सामान मी मागून पाठवतो. उद्या मात्र मी ऐकणार नाही, वहिनी."

"उद्या येते. लाइनच तुटली म्हणजे प्रश्नच मिटला."

तिला खरंच तसं वाटलं. आपल्याला सोडवायला कुणीतरी येतं आहे, असं.

७

सकाळीच लेकीचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, शेजारीण तिला दवाखान्यात घेऊन चालली होती. लेक धापा टाकत होती, पण आवाज शांत होता. "मी रागावणार नाही. फक्त निघ."

"दुपारी निघते. गाडी तयार आहे."

"शपथ?"

"शपथ."

बॅटरीवाली वेळेवर आली. डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात हॉलच्या मुख्य स्विचची किल्ली. तिने टर्बाइनकडे एकदा आदराने पाहिलं. देवळात शिरल्यावर पाहतात तसं.

"सॉरी हं मॅडम. मला खरंच कसंतरी वाटतंय."

"तुमचं काम आहे. करा."

"आमच्याकडे सगळं गप्प असतं. मी तर गाणी लावून ठेवते." ती ओशाळून हसली आणि स्विचच्या खोलीकडे गेली.

थोड्या वेळाने दिवे गेले. इतक्या वर्षांत या हॉलमधले दिवे पहिल्यांदाच गेले. पडदा काळा झाला. मोटरचा आवाज खाली खाली येत विझला, तेलाचा पंपही थांबला. वरच्या काचांतून दुपारचं ऊन जमिनीवर चौकोन करून पडलं होतं. लांबून बॅटरीवालीचा आवाज आला, "झालं, मॅडम. निघते मी." मग तिच्या स्कूटरचा आवाज, आणि मग काही नाही.

"सुटलो," फिटरमामा म्हणाला. "चला."

जाता जाता त्याने सवयीने दांड्यापाशी असलेल्या छोट्या काचेत वाकून पाहिलं. आणि तसाच वाकलेला राहिला.

"काय झालं?"

ती त्याच्या शेजारी वाकली. काचेमागे दांडा फिरत होता. मोटर बंद, तेल बंद, आणि तो फिरत होता, बॅरिंग गिअरच्या चालीने नव्हे तर त्याहून सावकाश. थोडा फिरायचा आणि थांबायचा. पुन्हा थोडा.

"तेलाशिवाय तो चार माणसांनी ढकलला तरी हलत नाही," फिटरमामा अगदी हळू म्हणाला. मग त्याने तिचं कोपर धरलं. "वहिनी, चला. मागे बघू नका."

"तुम्ही गाडीत बसा. मी पर्स घेऊन आले."

"तुम्ही यायच्या नाहीत."

"येते म्हटलं ना. लेक दवाखान्यात आहे माझी, मी इथे थांबेन का?"

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कोपर सोडलं. लोखंडी जिन्यावर त्याची पावलं वाजत खाली गेली. तो पळत नव्हता, पण मधे कुठे थांबलाही नाही.

तिने पर्स घेतली. ती खरोखरच दाराकडे निघाली. निम्म्या वाटेवर मागचा, दांडा फिरण्याचा आवाज मंदावला. दाराशी पोचली तेव्हा तो थांबला होता.

हॉल पुरता मुका झाला. आता फक्त उंबरा ओलांडायचा. गाडीत बसायचं, लेकीच्या उशाशी जायचं, हातात नवं काहीतरी घ्यायचं. ती मनाशी म्हणाली, थांबलं, चांगलं झालं, थांबू दे. वाकू दे. पण तिच्या पायांना ती शांतता ओळखीची वाटली. पडदे ओढलेल्या घराची. सगळ्यांनी चवड्यांवर चालायची.

ती मागे वळली.

फिटरमामाने काढलेला पत्रा अजून कडेलाच टेकवलेला होता. तिथे पांघरुणाला तोंड पडलं होतं, आतली राखाडी लोकर उघडी होती आणि नेमकं तिथेच ऊन पडलं होतं. ती जवळ गेली. लोकरीची कड हलत होती. वर यायची, थांबायची, खाली बसायची. वारा नव्हता.

तिने पर्स खाली ठेवली. दोन्ही तळवे लोकरीवर टेकवले. ऊब उतरत चालली होती, पण होती. हात लावताच ती तळव्यांकडे सरकली. तिने बोटांनी लोकर थोडी बाजूला केली. मागे लोखंड असायला हवं होतं, नटबोल्ट, जोडाची रेघ. तिने आत पाहिलं. ऊन जिथवर पोचत होतं तिथे, झोपमोड झालेल्या माणसासारखी, कुणीतरी सावकाश कूस बदलली आणि पाठ तिच्याकडे केली.

तिने लोकर झटकन पुन्हा ओढून घेतली आणि कडेने नीट खोचली. मग हात त्यावर ठेवले. हाताखाली ऊब वाढू लागली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. खिशात फोन वाजला. तिला आधी वाटलं, किती मोठ्याने वाजतोय. मग वाटलं, लेकीचा आहे. तो वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला. हॉर्न आता थांबून थांबून येत होता. फिटरमामा खालून हाका मारत होता, आधी मॅडम म्हणून आणि मग वहिनी म्हणून.

लोकरीवरचे हात तिने अजून काढले नव्हते.